गाडी किती देते?



पिकअप घेताना मालक पहिला प्रश्न विचारतो, ‘किती देते?’ कागदावरचा आकडा तो लक्षात ठेवतो. पुढे गाडीने तितके दिले नाही की संशय चालकावर, आणि फरक त्याच्या पगारातून वजा!

तो आकडा निघतो चाचणीघरात, चाके रोलरवर फिरवून. वेग आधीच आखलेला असतो. कसाऱ्याचा घाट तिथे नसतो. नाशिकची गाडी टोमॅटो भरून मुंबईकडे घाट उतरते आणि रिकामी वर येते. तिच्याच जोडीची दुसरी मुंबईहून लोखंडी पत्रे घेऊन तोच घाट चढते. रस्ता एक, इंजिन एकसारखे, डिझेल मात्र निराळे. ताशी ६० चे ८० किलोमीटर केले की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. पण पहाटेच्या आत वाशी गाठायची घाई कोणाची असते? टायरमध्ये हवा कमी असेल, तर तो भुर्दंड वेगळाच. शिवाय बाजाराच्या फाटकाशी गाडी रांगेत पावलापावलाने सरकते. डिझेल जळते, किलोमीटर वाढत नाहीत.

म्हणून आमची मागणी आहे: प्रत्येक फेरीचे वजन, मार्ग आणि खोळंबा वहीत लिहा, दर वेळी टाकी काठोकाठ भरून हिशेब करा. कपातीचे मग बोलू.