बचाव करणारा खेळाडू : के. सी. जोन्स
(सिहोरा येथील वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी झालेले भाषण)



आज एका महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूची हकिगत आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. के. सी. जोन्स हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातले. 1932 साली टेक्सास प्रांतात त्यांचा जन्म झाला. आईवडील विभक्त झाल्यावर बालपणीच ते सॅन फ्रान्सिस्को शहरी आले व पुढे तेथील विद्यापीठाच्या संघात खेळू लागले. उंची सहा फूट एक इंच. आपल्याकडे हा मनुष्य उंच ठरेल, पण त्या खेळात तो ठेंगणाच. बिल रसेल हे त्यांचे सहाध्यायी. दोघे एकाच खोलीत राहत आणि चेंडू कोणत्या कोनातून येईल, प्रतिपक्षाला कोणत्या बाजूस ढकलावे, याचा तासन्‌तास खल करीत. बाकीचे विद्यार्थी चेंडू टोपलीत कसा जाईल याचा विचार करीत असता हे दोघे तो जाऊ कसा द्यावयाचा नाही, याचा अभ्यास करीत होते.

डिसेंबर 1954 मध्ये हा संघ सामन्यांसाठी ओक्लाहोमा सिटीस गेला, तेव्हा तेथील हॉटेलांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा नाकारली. त्यावर सर्व संघ, गोरे खेळाडू धरून, एका महाविद्यालयाच्या रिकाम्या वसतिगृहात एकत्र राहिला. दारावरून परत फिरविले जाण्याचे दुःख आपल्या देशात कोणास समजावून सांगावयास नको. येथे ते भोगणारेही आहेत आणि देणारेही.

मार्च 1955 मध्ये अंतिम सामना झाला. प्रतिपक्षाचे टॉम गोला हे नामांकित खेळाडू, उंचीने जोन्स यांच्याहून पाच इंच अधिक. त्यांना अडविण्याचे काम रसेल यांजकडे जाईल असे कोणालाही वाटले असते. पण प्रशिक्षक फिल वूल्पर्ट यांनी ते जोन्स यांजकडे दिले व रसेल यांस टोपलीजवळ मोकळे ठेविले. गोला यांस 16 गुणांवर रोखून जोन्स यांनी स्वतः 24 गुण मिळविले. सामना 77–63 असा जिंकला. पुढील वर्षीही विजेतेपद याच संघाकडे राहिले; मात्र त्या अखेरच्या स्पर्धेत नियमांमुळे जोन्स यांना खेळता आले नाही. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दोघांनी सुवर्णपदक मिळविले.

नंतर दोन वर्षे लष्करात काढून जोन्स बॉस्टनच्या व्यावसायिक संघात आले. नऊ मोसमांत आठ विजेतेपदे! आणि त्यांची स्वतःची सरासरी? सामन्यास अवघे 7.4 गुण. केवळ आकडे वाचणारा म्हणेल, हा सामान्य खेळाडू असावा. प्रतिपक्षाचा चेंडू हिसकावणे, फेक अडविणे, यांचे रकाने त्या व्यावसायिक स्पर्धेच्या नोंदवहीत 1973–74 च्या मोसमापासून आले. तोवर जोन्स निवृत्त होऊन सहा वर्षे लोटली होती.

याबाबतीत आपले खेळ अधिक न्यायी आहेत, असे आम्हांस वाटते. खो-खोत पळणारा किती मिनिटे, किती सेकंद टिकला, हे लिहून ठेवितात. कबड्डीत पकडीस गुण आहे. शेतात मात्र आपण तसे करीत नाही : धान किती खंडी झाले हे पहिल्याने विचारतो, बांधीची पाळ रात्रभर कोणी राखली, हे कोणी विचारीत नाही.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. क्रीडा-पारितोषिकासाठी शिफारस मागविताना मुलाने किंवा मुलीने किती गुण मिळविले, याबरोबर आणखी एक रकाना असावा : प्रतिपक्षाचे किती रोखले. तो रकाना वडिलांनी भरू नये. संघातील सोबत्यांनी भरावा. जोन्स यांचे मोल प्रथम त्यांच्या खोलीतील सोबत्यानेच ओळखले होते. क्रीडापटूंच्या गौरवमंदिरात त्यांचे नाव 1989 साली लागले. मध्यंतरी, 1984 व 1986 साली, त्यांनी बॉस्टनच्या संघाला प्रशिक्षक म्हणूनही विजेतेपद मिळवून दिले. 25 डिसेंबर 2020 रोजी ते वारले.

अर्जाचा नवा नमुना तयार करून आम्ही चिटणीसांकडे दिला आहे.