श्वासांचा रोजमेळ



२०२० साली कोरोनाच्या महामारीत मुलुंड, दहिसर आणि गोरेगाव येथे भव्य कोविड केंद्रे उभी राहिली, तेव्हाच उपनगरांतील घराघरांत ऑक्सिमीटर पोहोचला. हसतबोलत चहा घेणाऱ्या रुग्णाच्याही रक्तातील प्राणवायू धोकादायकरीत्या घटलेला असू शकतो, हे त्या काळाने शिकविले. आकडा ९४ च्या खाली गेला की रुग्णालय गाठायचे, हे गृहिणींनाही पाठ झाले. साथ ओसरली, यंत्र कपाटात गेले. ती शिकवण मात्र कपाटात जाता कामा नये.

वॉर्डातील रुग्ण ‘अचानक’ गंभीर झाला, असे म्हणण्याची रीत आहे. पुष्कळदा ते अचानक नसते. कित्येक तास आधीपासून श्वास जलद होतो, नाडी वाढते, रक्तदाब उतरतो, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. यांत श्वासाची गती बहुधा लवकर बदलते आणि तीच मोजण्याचे राहून जाते. विश्रांती घेणाऱ्या प्रौढाचे श्वास मिनिटाला साधारणतः १२ ते २० असतात. ते मोजण्यास घड्याळ आणि एक पूर्ण मिनिट पुरे.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये अशा नोंदींना गुण देण्याची पद्धत आखली. श्वास २५ वा अधिक झाले, तर त्याचेच ३ गुण. एकूण बेरीज ५ झाली की तातडीची तपासणी. ७ झाली की अतिदक्षता जाणणाऱ्या पथकाने धाव घ्यावयाची. कारण नुसती नोंद निरुपयोगी. रोजमेळात तूट दिसूनही मालक स्वस्थ बसला, तर पेढी बुडतेच.

उशाशी बसलेली पत्नी म्हणते, “आज हे नेहमीसारखे वाटत नाहीत.” ती तक्रार नव्हे, तीही नोंदच होय. इंग्लंडमध्ये २०२४ पासून अनेक रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू झाला. त्यानुसार नातेवाइकांना दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागता येते.

यंत्रांवर दात्यांची नावे कोरली जातात, ते योग्यच आहे. रात्रपाळीतील परिचारिकेचे प्रशिक्षण आणि तिच्या हाकेसरशी धावणारा डॉक्टर यांवर नाव कोरता येत नाही. तरीही दात्यांचे दान तेथवर पोहोचावे, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी नम्र विनंती.