पाहुणचाराची वाइन आणि चीजचं ताट



डिसेंबर लागला की एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. 'एकतीस तारखेला त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. वाइनची बाटली न्यावी का? आणि कुठली न्यावी?' विचारणारा स्वतः क्वचितच पिणारा असतो. मग तो दुकानातली सगळ्यात जड बाटली आणि सगळ्यात चकचकीत खोकं उचलतो. ते खोकं न उघडताच पुढच्या घरी जातं, तिथून त्याच्या पुढच्या. दिवाळीतल्या सोनपापडीच्या डब्याचं जे होतं, तेच.

माझं मत विचाराल तर बाटली आपल्याकडचीच न्यावी, आणि आपल्याकडची म्हणजे मुख्यतः नाशिकची. सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही चांगली वाइन होते, आणि या सगळ्यांच्या आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला फसफसणारी वाइन तयार होऊ लागली होती. पण आज दुकानात हात जातो तो दिंडोरी, निफाड, गंगापूर धरणाच्या परिसरातल्या बाटल्यांकडे.

यात एक गंमत आहे. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवतात. आपल्याकडे वेलीची दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस ओसरला की गोडी छाटणी. त्यामुळे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चच्या दरम्यान हाती येतात. पांढऱ्या वाइनला तयार व्हायला काही महिनेच पुरतात. म्हणजे शिशिरात उतरवलेल्या द्राक्षांची शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ त्याच वर्षीच्या नाताळला ताजी मिळू शकते. म्हणून पांढरी वाइन घेताना आधी बाटलीवरचं साल बघा. यंदाचं किंवा गेल्या वर्षीचं असलं तर घ्या. 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' हे जगातल्या अगदी थोड्या वाइनना लागू पडतं. मुंबईचे तीन उन्हाळे फळीवर उभ्याने काढलेली पांढरी वाइन मुरलेली नसते, आजारी असते.

दुसरं, झाकण बघा. बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं आणि ते हलक्या वाइनचं लक्षण मुळीच नाही. आपल्या किती घरांत कॉर्क काढायचं अवजार असतं? ते सापडत नाही म्हणून लाटण्याच्या टोकाने बूच आत ढकललेलं आणि मग गाळणीतून वाइन ओतलेली मी पाहिली आहे. भेट नेणाऱ्याने यजमानावर ही वेळ आणू नये.

आता लाल वाइन. ती 'घरातल्या तापमानाला' प्यावी असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते घर युरोपातलं, थंडीतलं, जाड भिंतींचं. तिथे सोळा-अठरा अंश. आपल्याकडे डिसेंबरातही मुंबईत दुपारी तीस अंशांच्या आसपास पारा असतो आणि तेवढ्या गरम शिराझचा नुसता दारूचा भपकारा येतो. तेव्हा लाल बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, खुशाल ठेवा. पांढरी तर दोन-तीन तास आधीच. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच पेले होतात, त्या हिशेबाने न्या.

आणि चीज? चीजबरोबर लालच वाइन हवी, हा समज मला कधीच पटलेला नाही. लाल वाइनला जो तुरटपणा असतो तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. खारट किंवा मऊ, साय धरलेल्या चीजपुढे तो कडवट लागतो, कधी कधी तर जिभेवर पितळेच्या भांड्याची चव आणतो. लालबरोबर कडक, मुरलेलं चेडर किंवा गूडा ठीक. बाकी बहुतेक चीजना पांढरीच बरी. शेळीच्या दुधाचं आंबूस चीज आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही जोडी फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात जुनी आहे. निळ्या बुरशीच्या चीजला गोड वाइन लागते. इंग्लंडात नाताळला स्टिल्टन चीजबरोबर पोर्तुगालची पोर्ट घेतात ती त्याचसाठी. आपल्याकडे उशिरा उतरवलेल्या द्राक्षांची गोड शेनिन मिळते, तिच्याने तेच काम होतं.

यजमान शाकाहारी असतील तर एक गोष्ट नीट पाहावी लागते. दूध साकळवायला रेनेट लागतं आणि ते परंपरेने वासराच्या पोटातून काढतात. इटलीच्या पार्मिजानो रेजानोला तर नियमानेच हे रेनेट लागतं. म्हणजे ते चीज कितीही नावाजलेलं असो, शाकाहारी घरात ते नेणं म्हणजे फसवणूक. भारतात होणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. वेष्टनावरचा हिरवा ठिपका बघून घ्या म्हणजे झालं.

डब्यातलं किंवा चौकोनी वड्यांचं चीज ताटात नको. ते वाईट नाही, सँडविचला उत्तम आहे. पण ते वितळवून, क्षार घालून पुन्हा साच्यात ओतलेलं असतं, त्याची चव पुढे वाढत नाही. त्याऐवजी तीनच प्रकार घ्या. एक कडक, एक मऊ, एक जरा वासाचं. पुण्यामुंबईत आता चांगलं चीज करणारे आहेत. दार्जिलिंगकडचं कालिंपाँग चीज मिळालं तर जरूर घ्या. स्विस धर्मगुरूंनी तिथे सुरू केलेलं ते, भुसभुशीत आणि किंचित आंबट. जेवण नंतर असेल तर माणशी पन्नास-साठ ग्रॅम पुष्कळ झालं. आणि ताट तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. थंडगार चीजला चव नसते, नुसता रबरीपणा असतो. हे एवढं केलंत तरी अर्धं काम झालं.

सोबतीला परदेशी बिस्किटांची गरज नाही. सोलापूरची कडक भाकरी तोडून ठेवा, त्याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही. सांगलीचे बेदाणे, थोडे अक्रोड, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पेरूच्या फोडी, वाटीभर मध. शेव, फरसाण आणि लसणाची चटणी मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरातच राहू द्या. तिखट जिभेवर आलं की ना चीज कळत ना वाइन.

बाटली हातात दिल्यावर ती लगेच उघडलीच पाहिजे असा आग्रह धरू नका. यजमानांनी आपलं काही ठरवलेलं असतं. ते घेत नसतील, तर बाटली नेऊच नका. स्ट्रॉबेरीची पेटी न्या, तिचं स्वागत हमखास होतं. उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. उरलेलं चीज प्लास्टिकमध्ये आवळू नका, बटर पेपरमध्ये गुंडाळा.

आणि हो, आपल्या राज्यात मद्य घ्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. बाटलीबरोबर तेवढा मागून घ्या, आणि परतीच्या गाडीला न पिणारा चालक आधीच ठरवा.