‘तुम्ही कोण?’ ह्या प्रश्नाचे उत्तर

(वर्षावासातील एका सभेत केलेले भाषण)



येथे जमलेल्या कित्येक कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. ‘तुमच्या हयातीत काय काय पालटले ते आम्हांस सांगा,’ अशी त्यांनी मला आज्ञा केली. मी ऐंशीच्या घरात पोहोचलेला एक निवृत्त तारमास्तर आहे. पालटले पुष्कळ. आमच्या चाळीत रेडिओ ऐकावयाचा तर हॉटेलच्या दारात उभे राहावे लागे. आज त्याच चाळीतील मुलाच्या खिशात रेडिओ, तारघर, छापखाना आणि पेढी एकत्र नांदत आहेत. परंतु यंत्र कोणतेही येवो, त्याच्या आडून एक प्रश्न मी जन्मभर ऐकत आलो : ‘तुम्ही कोण?’ त्या प्रश्नाविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या बालपणीची एक हकीकत लिहून ठेवली आहे. १९०१ च्या सुमारास ते भाऊ व भाच्यांसह वडिलांच्या भेटीस निघाले व मसूर स्थानकावर उतरले. आगगाडीने त्यांस जात विचारली नव्हती. अंगावर चांगले कपडे होते, म्हणून स्टेशनमास्तरही आपुलकीने चौकशी करू लागला. ‘आम्ही महार,’ असे उत्तर मिळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी ह्या अटीवर. वाटेत पाणी मिळावे म्हणून, गाडीवानाच्या सल्ल्यावरून, नाक्यावर त्या नऊदहा वर्षांच्या मुलास आपण मुसलमान आहोत असे सांगावे लागले. तरीही पाणी मिळाले नाही. तेव्हा आगगाडी माणसाला स्थानकापर्यंत आणून सोडते. पुढची वाट समाजाच्या हाती असते.

गिरणीतही तेच. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत सूत कातण्याच्या खात्यात होते. मजुरी अधिक ती विणकाम खात्यात. पण तेथे कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. आमच्या माणसाच्या तोंडाला लागलेला धोटा इतर कामगार हाती घेईनात, म्हणून ते खाते आम्हांस बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय उघडपणे मांडला. यंत्र विलायतेहून आले, पण त्याला विटाळ इथे चिकटला! दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेत चालते तिचा आहे, असे बाबासाहेब म्हणत आले, ते ह्याच अर्थाने.

आता माझी गोष्ट. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखो शोकाकुल लोकांस दीक्षा दिली. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली. दहा वर्षांचा मुलगा खांद्यावर बसण्याजोगा नव्हे, पण गर्दीच तशी होती. घरी परतल्यावर वडील म्हणाले, “आता कोणी विचारले तर एकच उत्तर द्यावयाचे. आम्ही बौद्ध.”

त्यानंतर दहाच वर्षांनी, १९६६ साली, मी ते उत्तर फिरविले. तारखात्यातील जागेचा अर्ज माझ्यापुढे होता. महाराष्ट्र राज्याने बौद्धांना १९६० पासून सवलती दिल्या होत्या. परंतु केंद्राच्या नोकरीत १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत गणला जात नव्हता. ‘बौद्ध’ लिहावे तर राखीव जागा जाते. जुने नाव लिहावे तर वडिलांचा शब्द जातो. घरात खाणारी तोंडे सात. मी ‘हिंदू महार’ असे लिहिले. वडिलांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या हाती परत दिला. ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

नोकरी लागली. तारयंत्राच्या कडकट्टीतून मी लोकांच्या जन्ममृत्यूच्या बातम्या उतरून घेतल्या. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक मोजके आणि खरे तेवढेच लिहीत. पुढे दूरमुद्रक आले, मग संगणक आले आणि १५ जुलै २०१३ रोजी तारसेवाच बंद झाली. एवढी यंत्रे पालटली, पण माझ्या सेवापुस्तकातील तो रकाना जागचा हलला नाही. घरी बुद्धवंदना आणि कचेरीत जुने नाव, असे चोवीस वर्षे चालले. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. मग मी अर्ज करून तो रकाना दुरुस्त करून घेतला. वडील तोवर हयात नव्हते.

दोन वर्षांपूर्वी माझी नात नोकरीसाठी परगावी गेली. मोबाईलवर तिने घर पाहिले, चित्रे पाहिली, भाडे ठरविले. शेवटी घरमालकाने आडनाव विचारले आणि मग तोच प्रश्न आला. तिने सांगितले, “आम्ही बौद्ध.” घर त्याच क्षणी ‘दुसऱ्यास दिलेले’ निघाले. दुसऱ्या घरमालकास तिने हे उत्तर आधीच सांगितले, तेथेही नकार. तिसऱ्याने किल्ली दिली. मला मसूरचे स्थानक आठवले. सव्वाशे वर्षांत प्रश्न तोच राहिला. पण मुलीने खोटे नाव सांगितले नाही, हा पालट कोणत्याही यंत्राने घडविलेला नाही.

मी तिला माझ्या अर्जाची हकीकत सांगितली. वाटले, ती मला दोष देईल. ती म्हणाली, “आजोबा, त्या पगारावर माझे बाबा शिकले. म्हणून आज मला खरे सांगणे परवडते.” हा तिचा मोठेपणा, माझे समर्थन नव्हे.

बंधुभगिनींनो, मी पोटासाठी नाव लपविले तेव्हा कायदाच मला दोहोंपैकी एक निवडावयास लावीत होता. १९९० नंतर ती सबब उरलेली नाही. नकार अजूनही मिळतील, हे मी लपवून ठेवीत नाही. परंतु एकट्याचे उत्तर दाबता येते, सर्वांचे दाबता येत नाही. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. ही संख्या यंत्राने मोजली नव्हती. प्रगणक दारोदार हिंडला आणि निरक्षर आयाबहिणींनी उंबऱ्यात उभे राहून त्याला उत्तर दिले.

आपल्या मुलांना नवी यंत्रे अवश्य शिकवा. त्यांत मागे राहू नका. मात्र यंत्र आपल्या बाजूने बोलेल, ह्या भरवशावर राहू नका. शाळेचा दाखला असो, जनगणनेचा तक्ता असो की मोबाईलवरचा घरमालक असो, प्रश्न येईल तेव्हा घरातील सर्वांचे उत्तर एक असू द्या. माझ्या वडिलांनी मला ते दहाव्या वर्षी सांगितले होते. मला ते लिहावयास चौतीस वर्षे लागली. तुम्हांस एक दिवसही लागू नये.

जय भीम!