औद्योगिक पट्ट्यातील व्यापारी वकिली आणि तिची उमेदवारी



पिंपरी-चिंचवड, चाकण आणि तळेगाव या पट्ट्यातील कारखानदारीची चर्चा होते तेव्हा जमीन, भांडवल, यंत्रे आणि कामगार यांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु या चारही गोष्टींना एकमेकांशी बांधणारे कागद कोण तयार करते, ते कोण तपासते आणि हे काम करणारी माणसे ते कोठे शिकतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. व्यापारी वकिली म्हणजे करार, कंपनी, कर्ज, जमीन-हस्तांतरण आणि थकीत देणी यांच्याशी संबंधित वकिली. आणि नुकतीच सनद घेतलेले तरुण-तरुणी तिच्यात पहिली दोन-तीन वर्षे जी उमेदवारी करतात, ती प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. या उमेदवारीला आज लेखी करार नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही आणि ती शिकवण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकलेली नाही. असे असूनही मोठ्या रकमांच्या व्यवहारांतील कागदांचे पहिले वाचन बहुधा याच उमेदवाराकडून होते, आणि पहिल्या वाचनात सुटलेली गोष्ट पुढे वरिष्ठांच्याही नजरेला पडेलच असे नसते.

ही स्थिती नेहमीच अशी नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जेथे मुंबई शहरातील मोठे दावे थेट दाखल होतात त्या शाखेत, वकिलीचे दोन भाग होते. सॉलिसिटर अशिलाशी संबंध ठेवी, दस्त तयार करी आणि दाव्याची बांधणी करी. कौन्सेल न्यायाधीशांपुढे उभा राहून युक्तिवाद करी. क्रॉफर्ड बेली (१८३०), लिटल अँड कंपनी (१८५६), वाडिया गांधी (१८८३) या पेढ्या त्याच व्यवस्थेत वाढल्या. मुंबई प्रांताच्या १९३७ च्या मंत्रिमंडळाचे प्रमुख बाळ गंगाधर खेर हेही सॉलिसिटर होते. सॉलिसिटर होण्यासाठी उमेदवाराला एखाद्या सॉलिसिटरकडे ठरावीक काळ लेखी कराराने बांधून घ्यावे लागे आणि त्यानंतर बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची कठीण परीक्षा द्यावी लागे. अशा उमेदवारास आर्टिकल्ड क्लार्क म्हणत. या कराराचे महत्त्व असे की तो दोन्ही बाजूंना बांधत असे : उमेदवाराने काम करायचे आणि सॉलिसिटरने ते शिकवायचे. ती व्यवस्था खर्चिक होती, मूठभरांपुरती होती आणि महाराष्ट्रात मुंबईबाहेर ती कधी आलीच नाही, हे खरे आहे. पुणे जिल्ह्यात वकिली शिकण्याची जागा म्हणजे ज्येष्ठ वकिलाचे कार्यालय, आणि तेथील शिक्षण सर्वस्वी त्या ज्येष्ठाच्या स्वभावावर अवलंबून असे.

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ या कायद्याने देशभर वकिलांचा एकच वर्ग निर्माण केला. सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची जी अट त्यात मुळात होती, ती १९७३ च्या दुरुस्तीने गेली आणि १९७६ च्या दुरुस्तीने मुंबई व कोलकाता येथील सॉलिसिटरांचा स्वतंत्र वर्गही संपला. सोसायटीची परीक्षा त्यानंतरही चालू राहिली, परंतु वकिलीसाठी ती आवश्यक उरली नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये सनदेपूर्वी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचा नियम केला. १९९९ मध्ये व्ही. सुदीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण न्यायालयाच्या तेव्हाच्या मते असा नियम करण्याचा अधिकार कायद्याने कौन्सिलला उरलेला नव्हता. २०१० मध्ये अखिल भारतीय बार परीक्षा आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. परीक्षा असावी याबद्दल वाद नाही. परंतु कायद्याची मूळ पुस्तके जवळ बाळगून पर्यायी उत्तरांवर खुणा करणे हे प्रशिक्षण नव्हे, आणि या परीक्षेने प्रशिक्षणाची उणीव भरून काढली असे मानणे ही सोयीस्कर समजूत आहे. इंग्लंडने २०२१ मध्ये सॉलिसिटरांसाठी नवी सामाईक परीक्षा आणली, पण तिच्यासोबत दोन वर्षांच्या प्रत्यक्ष कामाची अट कायम ठेवली. आपण परीक्षा घेतली आणि दोन वर्षे सोडून दिली.

आता या पट्ट्यातील कामाचे स्वरूप पाहावे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यापाठोपाठ टेल्को आणि बजाज आले, आणि पुढे चाकण परिसरात फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे कारखाने आले. या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग, साचे आणि जॉबवर्क करणाऱ्या लहान उद्योगांचे दाट जाळे आहे. व्यापारी उमेदवाराचे निम्मे शिक्षण या लहान उद्योगांच्या कागदांत दडलेले आहे.

पहिला विषय जमिनीचा. महामंडळाच्या क्षेत्रातील भूखंड विकला जात नाही. प्रथम भाडेपट्ट्याचा करारनामा होतो आणि बांधकाम पूर्ण झाल्यावर सामान्यतः ९५ वर्षांचा भाडेपट्टा दिला जातो. तो दुसऱ्याकडे हस्तांतरित करायचा तर महामंडळाची पूर्वपरवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. चाकणमधील असंख्य शेड मात्र महामंडळाच्या क्षेत्राबाहेर कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथील गट नंबरांवर उभ्या आहेत. तेथे सात-बारा, फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडील इंडेक्स टू यांचा किमान तीस वर्षांचा शोध घेऊन सर्च रिपोर्ट लिहावा लागतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी असेल, तर पुढचा सारा व्यवहार त्या परवानगीवर अडतो. खेड तालुक्यात चासकमान आणि भामा आसखेड ही धरणे असल्याने धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी जमीन राखून ठेवल्याचा शेरा ‘इतर अधिकार’ या रकान्यात अनेकदा आढळतो. हा शेरा विधी महाविद्यालयाच्या पाठ्यपुस्तकात भेटत नाही. तो तलाठी कार्यालयात, जुना फेरफार उघडून, कोणीतरी जाणत्याने बोट ठेवून दाखवला तरच कळतो. आणि संगणकावर सात-बारा दिसू लागल्यापासून त्या कार्यालयात जाण्याची गरजच नाही असे मानणारे उमेदवार वाढले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडी भागात महापालिकेने हजारो पत्राशेडवर कारवाई केली, तेव्हा त्यांतील कित्येक लहान उद्योग भाडेकरू होते. भाडेकरार करताना जागेचा बांधकाम परवाना आणि विकास आराखड्यातील आरक्षण तपासणे हे अर्ध्या दिवसाचे काम असते, आणि ते नेमके उमेदवाराचे काम असते.

दुसरा विषय पर्चेस ऑर्डरचा, आणि तो जमिनीइतकाच खोल आहे. मोठी कंपनी लहान पुरवठादाराला जी ऑर्डर देते, तिच्या मागच्या बाजूला किंवा संकेतस्थळावर सर्वसाधारण अटी असतात. साचे कोणाच्या मालकीचे, माल नाकारण्याची मुदत किती, पुरवठा चुकल्याने कंपनीची उत्पादन-लाइन थांबली तर नुकसान कोणी द्यायचे, वाद कोणत्या शहरात चालवायचा, हे सारे तेथे ठरलेले असते. पुरवठादार दर आणि नग पाहून सही करतो. पुढे कंपनी डेबिट नोट काढते, म्हणजे दोषाचे कारण दाखवून बिलातून रक्कम वळती करते, आणि तेव्हा तो वकिलाकडे येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म वा लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि अशा थकबाकीच्या वादातील निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यात भर घातली : या मुदतीनंतर दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी आयकरात खर्च म्हणून वजा मिळते. कायदा इतका भक्कम असूनही पुरवठादार सहसा तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच कंपनीकडून हवी असते. केव्हा नोटीस पाठवायची आणि केव्हा नुसता फोन करायचा, हा विवेक उमेदवाराला कोणत्याही कलमातून मिळत नाही.

याच परिसरातील एका उद्योगाचे नाव आज देशभरच्या व्यापारी न्यायालयांत रोज उच्चारले जाते. पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनिअर्स या प्रकरणात एक कोटीहून अधिक रकमेच्या वसुलीचा दावा फरिदाबाद येथे दावापूर्व मध्यस्थीशिवाय दाखल झाला होता. व्यापारी न्यायालये कायदा, २०१५ याच्या कलम १२-अ प्रमाणे तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ही अट बंधनकारक ठरवली आणि २० ऑगस्ट २०२२ पासून ती न पाळणारा दावा फेटाळला जाईल असे सांगितले. २०१८ च्या दुरुस्तीने व्यापारी दाव्याची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आलेली असल्याने चाकणचे साधे थकीत बिलही आता या अटीखाली येते. त्यामुळे दाव्याचा मसुदा लिहिण्याआधी मध्यस्थीचा अर्ज लिहिणे हे उमेदवाराचे पहिले काम झाले आहे.

एखादा संपूर्ण कारखाना हस्तांतरित होतो तेव्हा या सर्व विषयांची एकत्र परीक्षा होते. तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्याबाबत जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल मोटर्सशी करार झाला; एप्रिल २०२० मध्ये केंद्र शासनाने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वमंजुरी आवश्यक केली; डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले, कामगारांचा वाद न्यायाधिकरणापर्यंत गेला, आणि २०२२ मध्ये करार मंजुरीअभावी संपला. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी मालमत्ता-खरेदी करार झाला. अशा व्यवहारात ड्यू डिलिजन्स, म्हणजे खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या सर्व कागदांची पद्धतशीर छाननी, करणारे बहुतेक हात कनिष्ठांचे असतात. आणि भाडेपट्टा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कर आणि कामगारांची देणी यांतील एकही बाब सुटून चालत नाही. कामगारांच्या बाबतीत तर पुस्तकही जुने झाले आहे : कारखाना बंद करण्यासाठी शासनाची परवानगी लागण्याची केंद्रीय कायद्यातील मर्यादा १०० कामगारांची होती, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ३०० झाली आहे.

एवढे काम करणाऱ्या उमेदवाराची स्वतःची स्थिती काय? चाकणचे दावे राजगुरुनगरला, तळेगावचे वडगाव मावळला, पिंपरीचे पिंपरीच्या न्यायालयात, कामगारांचे पुण्यात, कंपनी न्यायाधिकरणाचे मुंबईत; आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठात पुणे जिल्हा नसल्याने उच्च न्यायालयाचे कामही मुंबईतच. सकाळचा बोर्ड गाठण्यासाठी चाकणच्या चौकात अडकणे आणि रात्री मसुदा पूर्ण करणे, हा त्याचा दिवस. सनदेचे शुल्क सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने सर्वसाधारण उमेदवारासाठी ७५० रुपयांवर आले, ही चांगली गोष्ट. परंतु त्यानंतर त्याने जगायचे कशावर? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे परिपत्रक काढले. ती शिफारस आहे, आदेश नाही, आणि ज्याला पुण्यात खोली घेऊन राहायचे आहे त्याला शिफारशीवर भाडे देता येत नाही.

म्हणून अनेक हुशार उमेदवार कंपनीच्या कायदा विभागात पगारी नोकरी धरतात. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, त्याला सनद स्थगित ठेवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निर्णयाने दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाल्यापासून, पैशासाठी नोकरी धरणाऱ्या कनिष्ठाला न्यायाधीशपदाची वाट लांबणीवर टाकावी लागते. ज्याच्या घरी आधार आहे तो वकिलीत टिकतो आणि ज्याच्या घरी नाही तो बाहेर पडतो, असा हा हिशेब असून त्याला गुणवत्तेची निवड म्हणणे अन्यायाचे आहे.

संसदेने नवा कायदा करण्याची वाट पाहणे या परिषदेला आवश्यक नाही. जुन्या सॉलिसिटरांच्या करारातील जे तत्त्व टिकाऊ होते, ते स्वेच्छेने स्वीकारण्यास कोणताही कायदा आड येत नाही. पिंपरी-चिंचवड, खेड आणि वडगाव मावळ येथील वकील संघटनांना आणि या पट्ट्यात काम करणाऱ्या पेढ्यांना आवाहन असे की प्रत्येक नव्या कनिष्ठाशी दोन वर्षांचा लेखी प्रशिक्षण करार करावा. त्यात किमान परिपत्रकाइतके विद्यावेतन, शिकवण्यास जबाबदार असलेल्या एका ज्येष्ठाचे नाव, आणि जमीन, करार, वसुली व कामगार या चारही कामांवर ठरावीक महिने यांचा उल्लेख असावा. तसेच तलाठी कार्यालयात, महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आणि एखाद्या लहान कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर काही आठवडे प्रत्यक्ष घालवण्याची अट असावी. कराराचा नमुना या परिषदेच्या कार्यकारिणीने तयार करून तीनही संघटनांकडे पाठवावा, आणि पहिली सही ज्येष्ठांनी करावी.