ख्रिस्ती मंडळ्यांचे ऐक्य आणि एका रजिस्टरची गोष्ट



विषय कळवला तेव्हा आपले चिटणीस फोनवर जरा घुटमळले. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही जैन. ख्रिस्ती मंडळ्यांच्या फुटीवर तुम्ही काय बोलणार?" मी म्हटले, फुटीचा अनुभव आम्हांला कमी आहे असे वाटते की काय तुम्हांला? आमचे घराणे सांगलीकडचे, दिगंबर. वडील रेल्वेत होते, बदलीवर मियागाम करजणला आले आणि इथलेच झाले. शेजारपाजार सगळा श्वेतांबर. त्यातही देरावासी निराळे, स्थानकवासी निराळे. त्यांचे पर्युषण संपले की आमचे दशलक्षण सुरू. महावीर एकच, पण उपवासाच्या तारखा दोन. तेव्हा आज मी परक्याच्या घरात डोकावतो आहे असे कृपा करून समजू नका.

या विषयाकडे मी वळलो तो एका रुग्णामुळे. निवृत्त शिक्षक, दम्याचे जुने दुखणे, नर्मदेपलीकडच्या एका गावाहून येत. घराणे तीन पिढ्यांचे ब्रदरन मंडळीतले. आई वारली त्यानंतरच्या खेपेला ते नेहमीपेक्षा जास्त धापा टाकत आले. विचारले, तर म्हणाले की आईच्या दफनाची प्रार्थना कोणत्या पाळकाने म्हणायची यावरून दोघा भावांत बोलाचाली झाली. हे स्वतः चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या बाजूचे, धाकटा जुन्या ब्रदरनांच्या. मी शहाणपणाने सांगितले, "दोघांनीही म्हणावी." ते हसले. म्हणाले, "साहेब, प्रश्न प्रार्थनेचा नाही, रजिस्टरचा आहे. ज्याच्या रजिस्टरात आईची नोंद होईल, त्याच्या मंडळीची ती सभासद ठरेल. आणि सभासद किती, हे कोर्टात विचारतात."

त्या दिवशी पहिल्यांदा मला कळले की धर्मैक्याचा प्रश्न मृत्यूच्या नोंदवहीपर्यंत येऊन पोचतो. मग मी जमेल तसे वाचत गेलो.

आपल्या भागात प्रॉटेस्टंट मिशने एकाच वाटेने आली नाहीत. 1841 मध्ये आयर्लंडचे प्रेस्बिटेरियन राजकोटला उतरले. अमेरिकन मेथडिस्टांनी बडोदे आणि खेडा भागात काम केले. विल्बर स्टोव्हर आणि त्यांचे अमेरिकन ब्रदरन सोबती 1895 च्या सुमारास वलसाडला आले, पुढे अंकलेश्वरकडे सरकले. त्यांच्या संघटनेत गुजराती बोलणाऱ्यांचा 'पहिला जिल्हा' आणि डहाणूकडच्या मराठी बोलणाऱ्यांचा 'दुसरा जिल्हा' अशी वाटणी होती. घाटावर पाहिले तर अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशन आणि इंग्लंडची एस.पी.जी. ही दोन्ही मिशने काम करीत होती. आता सांगा, अमेरिकेतल्या आणि इंग्लंडातल्या जुन्या भांडणांशी वलसाडच्या शेतमजुराचा किंवा नगरच्या महाराचा काय संबंध? ज्या मिशनचा माणूस गावात आधी पोचला, त्या मिशनचा पंथ गावाला लागला. पण दोन पिढ्या गेल्या की तोच पंथ आपला होतो, आजोबांचा होतो, आणि मग तो सोडवत नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही. माझे दिगंबरपणही मी निवडलेले नाही.

ही परक्यांकडून आलेली वाटणी बोचणारी माणसे तेव्हाही होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला कवी म्हणून ठाऊक असतात. अखेरच्या काळात, 1917 मध्ये, त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्ताला मानणारा बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्याला तिथे जागा होती. 1919 मध्ये टिळक गेले. संघटना म्हणून दरबार टिकला नाही, गीते मात्र टिकली.

पुढे 1924 मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या. मोठ्या ऐक्याची बोलणी 1929 मध्ये सुरू झाली आणि एक्केचाळीस वर्षे चालली. दक्षिणेत 1947 च्या सप्टेंबरातच चर्च ऑफ साउथ इंडिया झाले होते. उत्तरेला वेळ लागला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते. बाप्तिस्म्याचा पेच त्यांनी कसा सोडवला ते मला फार आवडले. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन म्हणतात, माणसाने जाणतेपणी विश्वास ठेवून पाण्यात बुडी घ्यावी. ब्रदरनांत तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन वेळा. बाकीचे बहुतेक तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी घालतात. या वादात युरोपात माणसे मारली गेली आहेत. इथे ठरले की दोन्ही रीती राहू द्याव्यात.

तरी एक मोठा भाऊ आलाच नाही. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या महिन्यांत बाजूला झाले. आपल्यापैकी बडोद्यात वाढलेल्यांनी फतेहगंजात दोन चर्चे पाहिली असतील, कॅम्पाच्या काळापासूनचे सेंट जेम्स आणि जवळच मेथडिस्टांचे. आपण दोन्हींना नुसते 'चर्च' म्हणतो. त्या दोन इमारतींमधल्या अंतरात 1970 चा इतिहास आहे. कॅथॉलिक या सगळ्यात नव्हतेच. तो निराळ्या व्याख्यानाचा विषय.

आता त्या रजिस्टराकडे येतो. गुजरातच्या ब्रदरनांच्या पहिल्या जिल्ह्याने ठराव करून नव्या चर्चमध्ये प्रवेश केला. काही सभासद म्हणाले, आम्ही ब्रदरनच राहणार आणि मंडळीची मिळकतही ब्रदरनांचीच राहणार. प्रकरण कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल 2005 चा. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा की ही मिळकत सार्वजनिक न्यासाची आहे, तिला 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू होतो, असले वाद दिवाणी कोर्टाच्या अखत्यारीत येत नाहीत, आणि नुसत्या ठरावाने न्यास दुसऱ्यात विरघळत नाही. 2013 च्या सप्टेंबरात दुसरा निकाल आला. त्याप्रमाणे कायद्याच्या दृष्टीने विलीनीकरण झालेलेच नव्हते; मिळकत ब्रदरनांच्या न्यासाकडेच राहिली. नागपूरच्या त्या दिवसाला तेव्हा त्रेचाळीस वर्षे होत आली होती.

माझे मत विचाराल तर न्यायालयाने आपल्या मापाने बरोबरच मोजले. न्यास म्हणजे देणाऱ्याने अमुक कामासाठी विश्वासाने सोपवलेली वस्तू. बहुमताने हात वर केले म्हणून ती हलवता येऊ नये, हे आपल्या संस्थांनाही लक्षात ठेवण्याजोगे आहे. पण दुखते ते निराळेच. ब्रदरनांत प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याचा विधी आहे. दोन्ही बाजूंची माणसे तो विधी करीत वाढलेली. आणि त्यांच्यातला निवाडा धर्मादाय आयुक्ताच्या कायद्याने व्हावा लागला.

हे बोलताना मला शिरपूरची आठवण लपवता येत नाही. वाशीम जिल्ह्यातले आमचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. दिगंबर आणि श्वेतांबरांनी वेळा वाटून पूजा करावी, अशी तोड शंभरावर वर्षांपूर्वी निघाली होती. ती पुरली नाही. 1981 पासून मंदिराला कुलूप होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये निघाले. अपरिग्रह सांगणाऱ्या तीर्थंकराच्या मूर्तीवर ताबा कोणाचा, या वादात बेचाळीस वर्षे गेली. (आमच्या होमिओपॅथीचेही काही वेगळे नाही. स्वतः हॅनेमान लायप्झिगच्या 'अर्ध्या' होमिओपॅथांवर तुटून पडले होते.)

एकीचे जे काम माझ्या समाजात सर्वांना पटले, ते ज्यात मिळकत नव्हती तेच. बडोद्यात शिकलेल्या विनोबांचा आग्रह असा की जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असे एक पुस्तक व्हावे. जिनेंद्र वर्णींनी संकलन केले, सर्व पंथांचे मुनी दिल्लीला एकत्र बसले आणि 1974 मध्ये 756 गाथांचा 'समणसुत्तं' सिद्ध झाला. त्याच विनोबांनी 'ख्रिस्तधर्म-सार'ही केले आहे. मी शिक्षकांना शिरपूर आणि समणसुत्तं दोन्ही सांगितले. ते म्हणाले, "पुस्तकाला सातबारा नसतो, साहेब."

त्यांच्या आईच्या वर्षाच्या स्मरणसभेला मी गेलो होतो. ती त्यांनी कोणत्याच चर्चमध्ये ठेवली नाही, घराच्या ओट्यावर घेतली. दोन्हीकडच्या पाळकांना बोलावले नव्हते. नातवंडांनी वचने वाचली, सगळ्यांनी मिळून गीत म्हटले, धाकट्याचा आवाज चांगला आहे. नोंदवही नव्हती. चहा मात्र दोन भावांच्या घरून वेगवेगळा आला, आणि मी दोन्ही कप प्यायलो.