गुण आला, हे कसे ओळखावे?

(ट्रस्टच्या दवाखान्यातील डॉक्टर, परिचारिका व स्वयंसेवक यांच्यापुढे केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापडव्यापारी. वैद्यकीय संशोधनावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे ठेवणे मी कर्तव्य समजतो.

गुडघेदुखी शिबिराचा अहवाल मीच लिहिला होता. ‘बहुसंख्य रुग्णांना गुण आला’ असे त्यात नमूद केले. एका तरुण परिचारिकेने विचारले, “काका, जे पुन्हा आलेच नाहीत, त्यांचे काय?” मी निरुत्तर झालो. फक्त परत आलेल्यांचीच मोजणी मी केली होती. वरचे ठाण पाहून संपूर्ण गाठीचा भाव ठरवणारा व्यापारी बुडतो, हे आयुष्यभर जाणणाऱ्या मला येथे मात्र विसर पडला. शिवाय गुडघ्याचे दुखणे आपोआपही कमी-अधिक होते. मग श्रेय औषधाला कसे द्यावे?

याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून आधी नोंदी केल्या. १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली; तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. दोन्हीकडील जन्म-मृत्यू मोजले. १९९७-९८ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू पहिल्या गावांत २५.५, तर दुसऱ्या गावांत ५९.६ होते. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे संशोधन प्रसिद्ध केले. तुलनेची ती ४७ गावे नसती, तर ही घट काळजीमुळे की काळानुसार, हे कोण सांगू शकले असते?

एका बाजूने दिसते ते पूर्ण सत्य नव्हे, हे अनेकान्त आपणांस शिकवतो. तेव्हा नम्र विनंती अशी : उपचारापूर्वीची स्थिती लिहून ठेवा. काय मोजायचे, ते आधीच ठरवा. न आलेल्यांच्या घरी जाऊन विचारा. अपाय झाल्यास तोही लपवू नका. आणि रुग्णाच्या संमतीवाचून त्याची माहिती वापरू नका.

माझ्या अहवालातील ते वाक्य मी मागे घेतो. मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र!